फास्टॅग नवीन घेतलाय? सोलापुरातून गाडी बाहेर काढायच्या आधी एवढं बघून घ्या

दसऱ्याला आमच्या होटगी रोडच्या गल्लीत तीन नवीन गाड्या आल्या आणि दिवाळीच्या आत तिन्ही घरातून मला एकच प्रश्न आला, वहिनी त्या काचेवरच्या स्टिकरमध्ये पैसे भरायचे कसे. तिघांनाही वेगवेगळं बसून सांगितलं, मग म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण पहिल्यांदा गाडी घेतलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगत नाही, शोरूमवाले चावी देतात, पेढा देतात, फोटो काढतात आणि टॅगबद्दल विचारलं की म्हणतात सगळं ॲक्टिव्ह आहे मॅडम, बिनधास्त जा.

मी बँकेत पण नाही आणि टोलवर पण कामाला नाही. लेक पुण्याला शिकते, सासऱ्यांची तपासणी पण तिकडेच, त्यामुळे महिन्यातून एकदा-दोनदा पुणे होतंच आणि गाडी मीच चालवते. चार वर्षांत जे जे अडलं आणि जे जे सुटलं ते सांगते.

आधी हे डोक्यात बसवा की स्टिकरमध्ये पैसे नसतात

काचेवरचा टॅग म्हणजे एक पातळ चिप आणि अँटेना, त्याला बॅटरी नाही, त्यात बॅलन्स नाही, त्यात फक्त एक नंबर आहे. पैसे असतात बँकेकडच्या तुमच्या फास्टॅग खात्यात, म्हणजे वॉलेटमध्ये किंवा काही बँकांत थेट बचत खात्याला जोडलेले. तुम्ही लेनमध्ये शिरलात की वरचा रीडर तो नंबर वाचतो, टोल नाक्याची सिस्टीम तो नंबर त्यांच्या बँकेला पाठवते, तिथून तो एनपीसीआयकडे जातो (यूपीआय चालवणारी तीच संस्था), तिथे बघितलं जातं की हा टॅग कुठल्या बँकेचा, कुठल्या गाडीचा, चालू आहे की बंद, आणि मग तुमच्या बँकेतून पैसे कापले जातात. एवढं सगळं होतं तेव्हा आपण फक्त बॅरिकेड वर जाताना बघतो.

हे इतकं सांगायचं कारण असं की टोलवर अडकणारे बहुतेक लोक बॅलन्स नाही म्हणून अडकतात असं आपल्याला वाटतं, पण मी बघितलेल्यातले निम्म्याहून जास्त कागदामुळे अडकले. खात्यात पैसे होते पण टॅगचं स्टेटस बंद होतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, निघताना बॅलन्स बघताच, बघा, पण त्याच्या आधी स्टेटस बघा.

आमच्या मामांचंच घ्या. मोहोळजवळ गाव, साठी ओलांडल्यावर पहिली गाडी घेतली, मुलाने टॅगमध्ये ८०० रुपये भरून दिलेले. एका नाक्यावर पोचलो, बॅरिकेड उघडेना. केबिनमधला मुलगा म्हणाला ब्लॅकलिस्ट दाखवतंय काका, म्हणजे टॅग बंद आहे, दुप्पट भरावे लागतील. मामा मोबाइल काचेला लावून त्याला ८०० चा आकडा दाखवतायत, मागे ट्रकचा हॉर्न, एसटीचा हॉर्न, मामींनी पर्स उघडून नोटा मोजायला घेतल्या. शेवटी दुप्पट भरून निघालो. घरी आल्यावर मी बघितलं तर झालेलं असं की गाडी नवीन असताना टॅग चेसिस नंबरवर (कंपनीने गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) दिलेला, नंतर नंबर प्लेट आली, आरसी आली, पण तो एमएच १३ वाला नंबर बँकेत कोणी टाकलाच नाही. त्यासाठी गाडी घेतल्यापासून ९० दिवसांची मुदत असते, ती कधीच उलटून गेलेली. आरसीचा फोटो बँकेच्या ॲपवर चढवला आणि टॅग परत चालू झाला, दहा मिनिटांचं काम होतं.

टॅग घेताना

१ डिसेंबर २०१७ पासून नवीन चारचाकी टॅग लावूनच विकायची असा नियम आहे, त्यामुळे शोरूममधून घेतली तर टॅग येतोच. तुम्ही तिथे चार गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या, टॅग कुठल्या बँकेचा, कुठल्या मोबाइल नंबरवर नोंदवलाय, केवायसी पूर्ण झालीय की अर्धवट, आणि गाडीचा नंबर आल्यावर तो अपडेट कोण करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "आम्ही करू" असं आलं तरी ९० दिवसांच्या आत स्वतः बघा. मोबाइल नंबरचं तर लई लक्ष ठेवा, कधी कधी सेल्समनचा नाहीतर एजंटचा नंबर टाकलेला असतो आणि मग मेसेज त्याला जातात, ओटीपी त्याला जातो आणि आपण वर्षभर अंधारात.

जुनी गाडी असेल किंवा टॅग बदलायचा असेल तर स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र, एचडीएफसी, आयसीआयसीआय अशा बऱ्याच बँका देतात, ॲपवरून मागवला तर घरी येतो, काही नाक्यांवर पण काउंटर लावलेले असतात. आरसी, आधार किंवा लायसन, पॅन, झालं. कारसाठी टॅगची फी साधारण १०० रुपयांपर्यंत आणि डिपॉझिट २०० च्या आसपास, ते डिपॉझिट टॅग बंद करताना परत मिळतं. आपलं खातं ज्या बँकेत आहे तिथलाच टॅग घेतला तर पुढे तक्रारीला बरं पडतं, शाखेत जाऊन समोर बसून बोलता येतं.

आणि हो, कार-जीप-व्हॅन हा एक वर्ग आहे, त्याला व्हीसी ४ म्हणतात, टॅगचा रंग जांभळा. तुमच्या साध्या कारला चुकून दुसऱ्या वर्गाचा टॅग लागला तर प्रत्येक नाक्यावर टेम्पोचा टोल कापत राहील. रंग बघून घ्या. बाकी ज्यांच्याकडे फक्त टू-व्हीलर आहे त्यांनी हे वाचायची गरज नाही, नॅशनल हायवेच्या नाक्यावर टू-व्हीलरला टोल नसतो.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी थोडं थांबून वाचा. माझ्या दिरांनी लातूरकडची गाडी घेतली, मध्यस्थ म्हणाला टॅग आहेच की, फुकट मिळाला समजा. तीन महिने नाक्यावर बॅरिकेड उघडत होतं आणि पैसे जात होते जुन्या मालकाच्या खात्यातून, दिरांना वाटलं मध्यस्थाने बॅलन्स भरून दिलाय. त्या बिचाऱ्या माणसाला कळलं तसं त्याने टॅग बंद केला आणि दीर रात्री साडेअकराला हैदराबाद रोडला नाक्यावर अडकले, गाडीत दोन लहान पोरं. नवीन टॅग घ्यायला गेले तर जुना त्याच गाडीच्या नंबरवर नोंदवलेला म्हणून नवीन मिळेना, कारण आता एका गाडीला एकच टॅग. परत त्या लातूरच्या माणसाला फोन, त्याच्या बँकेत विनंती, आठवडा गेला त्यात. तेव्हा गाडीचे पैसे हातात द्यायच्या आधीच मालकाला समोर बसवून त्याचा टॅग बंद करायला लावा, आणि काच स्वच्छ करून आपला लावा.

चिकटवायचा म्हणजे चिकटवायचाच

काचेच्या आतल्या बाजूने, वर मध्यभागी, आरशाच्या मागे. आधी काच कोरड्या कापडाने पुसा, पाणी राहू देऊ नका, मागचा कागद काढा आणि एकदाच नीट दाबून बसवा, कारण काढून परत लावायला गेलात तर आतली अँटेना तुटते, ती तशीच बनवलेली असते, एका गाडीचा टॅग दुसऱ्या गाडीला कोणी लावू नये म्हणून. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीची काच किती तापते सगळ्यांना माहीत आहे, धुळीवर चिकटवलेला टॅग त्या उन्हात सुटतो. माझा पहिला टॅग तसाच सुटला होता, एका कोपऱ्यातून वाकून लोंबत होता, आणि मग नाक्यावर वाचला तर वाचला.

बऱ्याच गाड्यांत त्या जागेवर स्वामी समर्थांचं नाहीतर सिद्धेश्वर महाराजांचं स्टिकर असतं, म्हणून लोक टॅग डॅशबोर्डवर ठेवतात नाहीतर हातात धरून दाखवतात. असं करू नका. देवाचं स्टिकर थोडं बाजूला घ्या, देव रागावत नाही. हातात धरलेल्या, सुट्ट्या टॅगबद्दल जुलै २०२५ मध्ये एनएचएआयने (नॅशनल हायवे सांभाळणारी सरकारी संस्था) नाक्यांना सांगितलंय की असा टॅग दिसला की लगेच कळवायचा आणि तो ब्लॅकलिस्ट करायचा. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तिच्यामागे टॅग वाचायला त्रास होतो, तेवढा तुकडा मोकळा ठेवा.

लावून झाल्यावर समोरून एक फोटो काढून ठेवा ज्यात टॅग आणि नंबर प्लेट दोन्ही दिसतील. बँकेने केवायव्ही म्हणजे गाडीची ओळख पटवायला मागितला तर हाच फोटो आणि आरसी लागते. तो मेसेज आला की जाहिरात समजून पुसून टाकू नका, पण मेसेजमधल्या लिंकवर पण जाऊ नका, बँकेचं ॲप स्वतः उघडून तिथे काही मागितलंय का बघा.

पैसे भरणं सगळ्यात सोपं

कुठल्याही यूपीआय ॲपमध्ये फास्टॅग रिचार्ज असं असतं, बँक निवडा, गाडीचा नंबर टाका, वर तुमचं नाव येतं का बघा, मगच रक्कम टाका. नावाकडे बघायला मी मुद्दाम सांगते, नंबरातला एक आकडा चुकला की पैसे भलत्याच्या गाडीत जातात आणि ते परत आणायला जीव जातो.

कारला ठराविक मिनिमम बॅलन्स ठेवायची सक्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच काढली, पण तुम्ही ठेवा. मी पुण्याला जायच्या आदल्या रात्री भरते, सकाळी निघताना नाही. त्याचं कारण असं की १७ फेब्रुवारी २०२५ पासून एनपीसीआयचा एक नियम आहे, टॅग नाक्यावर वाचला जायच्या आधी तासाभरापेक्षा जास्त वेळ ब्लॅकलिस्टमध्ये असेल आणि वाचल्यानंतरही पुढची १० मिनिटं तसाच राहिला तर तो व्यवहार नाकारला जाऊ शकतो. त्यावर एनएचएआयने खुलासा केला की नॅशनल हायवेच्या नाक्यांवर स्टेटस लगेचच्या लगेच कळतं, तेव्हा तिथे पोचायच्या आधी कधीही रिचार्ज केला तरी चालतो, पण राज्याच्या रस्त्यांवरचे काही नाके जुन्या पद्धतीवर आहेत, तिथे स्टेटस उशिरा पोचतं. आता हे नाके कुठले आणि ते कुठले ह्याचा हिशोब गाडी चालवताना कोण करणार. आदल्या रात्री भरलं की विषय संपला.

विसरायची सवय असेल तर ऑटो रिचार्ज लावा, बॅलन्स अमुक रकमेखाली गेला की बँकेतून आपोआप भरला जातो. सासऱ्यांच्या गाडीला आम्ही तेच केलंय.

निघायच्या आधीचं पाच मिनिटांचं काम

एनपीसीआयच्या वेबसाइटवर फास्टॅग स्टेटस बघायची सोय आहे. गाडीचा नंबर टाका, टॅग कुठल्या बँकेचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं, लॉगिन लागत नाही. ॲक्टिव्ह दिसलं की निर्धास्त. तसं नसेल तर कारण बहुतेक ह्यातलंच असतं, बॅलन्स संपलाय, केवायसी जुनी झालीय (तीन वर्षांनी परत करायला सांगतात), गाडीचा नंबर अपडेट नाही, किंवा टॅगलाच पाच वर्षं झालीयत आणि बदलायला आलाय. सगळ्यांचं औषध बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत, टोल नाक्यावर ह्यातलं काहीच होत नाही, तिथल्या पोरांशी भांडून उपयोग नाही, त्यांच्या स्क्रीनवर जे येतं तेच ते सांगतात.

मग वाटेत नाके किती ते मोजा. आपल्याकडून पुण्याला जाताना सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस असे चार, म्हणजे जाऊन येऊन आठ. तुळजापूरला तामलवाडी लागतं, अक्कलकोटला वळसंग, हैदराबादकडे निघालात तर नळदुर्गजवळ फुलवाडी आणि उमरग्याच्या पुढे तलमोड. राजमार्गयात्रा म्हणून सरकारी ॲप आहे, त्यात रस्ता टाकला की वाटेतले नाके आणि दर दिसतात. दर साधारण १ एप्रिलला बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीचा आकडा लक्षात ठेवून बॅलन्स भरू नका. तिथेच बघून जेवढे होतील त्याच्या वर दोनशे-तीनशे जास्त ठेवा, कारण कधी कधी एखाद्या नाक्याचे पैसे उशिरा कापले जातात, बॅलन्स भरपूर वाटतो आणि पुढच्या नाक्यावर कमी पडतो.

लेनमध्ये

पुढच्या गाडीला चिकटून जाऊ नका. हे मी प्रत्येक नवीन ड्रायव्हरला सांगते. दोन गाड्यांमध्ये एक गाडी मावेल एवढं अंतर ठेवा, नाहीतर रीडर तुमचा टॅग आधी वाचतो, बॅरिकेड पुढच्यासाठी उघडतं आणि तो निघून गेला की तुमच्या तोंडावर बंद. तुमचे कापलेत आणि तुम्हीच अडकलाय. हळू शिरा, थांबायची वेळ आली तर थांबा, बॅरिकेड पूर्ण वर गेल्याशिवाय हलू नका.

वाचलाच नाही तर घाबरू नका, दोन फूट मागे-पुढे करून बघायला सांगतात, नाहीतर हातातलं मशीन घेऊन काचेजवळ येतात. त्याने पण झालं नाही तर खरा प्रश्न हा की दोष कोणाचा. तुमचा टॅग चालू आहे, बॅलन्स आहे आणि त्यांचंच मशीन चालत नाहीये, तर ७ मे २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे तुम्हाला पैसे न घेता सोडायचं असतं आणि शून्य रकमेची पावती द्यायची असते. हे बोलायला लाजू नका. मी एकदा असं अडकले तेव्हा मोबाइलवर ॲक्टिव्ह स्टेटस दाखवलं, आवाज न चढवता म्हटलं दादा शून्याची पावती द्या, त्याने सुपरवायझरला बोलावलं, दोन मिनिटांत पावती मिळाली. शांतपणे बोललं तर तिथली माणसं ऐकतात, बारा-बारा तास धुरात बसलेली असतात तीही.

दोष आपल्या टॅगचा असेल तर मात्र भरावे लागतात. १५-१६ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या तेव्हापासून चालू टॅग नसेल तर दुप्पट होतं, १५ नोव्हेंबर २०२५ ला त्यात फरक केला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे रोख दिले तर दुप्पट पण यूपीआयने दिले तर सव्वापट. म्हणजे १०० चा टोल असेल तर रोखीने २०० आणि यूपीआयने १२५. मामांना हे तेव्हा मिळालं असतं तर बरंच वाचलं असतं. तेव्हा अशा वेळी नोटा काढू नका, क्यूआर कोड मागा, आणि पावती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर्षाचा पास घ्यावा का

सगळ्यात जास्त गोंधळ ह्यात आहे म्हणून जरा सविस्तर. १५ ऑगस्ट २०२५ ला वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा किंमत ३००० रुपये, त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनला. पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही. घ्यायचा राजमार्गयात्रा ॲपवर नाहीतर एनएचएआयच्या वेबसाइटवर, दुसरीकडे कुठेही नाही. नवीन टॅग लागत नाही, आहे त्याच टॅगवर चढतो, पण तो टॅग काचेवर चिकटवलेला आणि गाडीच्या नंबरवर नोंदवलेला पाहिजे, नुसत्या चेसिस नंबरवर असेल तर मिळत नाही. वॉलेटमधले पैसे त्यासाठी वापरता येत नाहीत, वेगळे भरावे लागतात. भरल्यावर साधारण दोन तासांत चालू होतो.

आता फेरी म्हणजे काय ते समजून घ्या कारण इथेच माणसं फसतात. फेरी म्हणजे सोलापूर ते पुणे नाही. आपल्या रस्त्यावर एक नाका ओलांडला की एक फेरी. म्हणजे पुण्याला जाऊन आलं की आठ फेऱ्या गेल्या, २०० फेऱ्यांत पुण्याच्या पंचवीस वाऱ्या. ३००० ला २०० म्हणजे नाक्याला १५ रुपये पडले, पूर्ण पुणे जाऊन येऊन १२० रुपयांत. माझ्यासारखं महिन्याला दोनदा जाणाऱ्याला हा पास डोळे झाकून घ्यावा असा आहे, आम्ही घेतला आणि लेकीकडे जाताना आता टोलचा विचारच मनात येत नाही. पण तुमचं वर्षातून दोनदा पुणे आणि चार वेळा तुळजापूर एवढंच असेल तर चाळीसच्या आत नाके होतात, तेव्हा आपल्या वाटेवरचे दर राजमार्गयात्रावर बघून बेरीज करा, बेरीज पासच्या किमतीच्या पुढे जात असेल तरच घ्या. ॲपवर आज जी किंमत दिसेल ती धरा, आकडा बदलू शकतो.

हा पास फक्त नॅशनल हायवे आणि नॅशनल एक्सप्रेसवेला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला चालत नाही, समृद्धीला चालत नाही, तिथे वॉलेटमधून नेहमीसारखे कापतात. आमच्या ओळखीत एकांनी पास घेतला म्हणून वॉलेट रिकामं ठेवलं आणि सोलापूरहून पुण्यापर्यंत राजासारखे गेले, पुढे मुंबईच्या वाटेवर अडकले. पास असला तरी वॉलेटमध्ये थोडे ठेवाच. पास गाडीचा असतो, माणसाचा नाही, गाडी बदलली की तो तिकडे नेता येत नाही.

पास नको असेल तरी दोन सवलती माहीत असू द्या. २४ तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलात तर जाऊन-येऊन मिळून दीडपट लागतो, दोनदा पूर्ण नाही, आणि टॅग असला की हे आपोआप होतं, म्हणजे परतताना मेसेजमध्ये अर्धेच कापलेले दिसतात. आणि नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खाजगी गाडीसाठी महिन्याचा लोकल पास मिळतो, साडेतीनशेच्या आसपास, आरसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन त्या नाक्याच्या ऑफिसात जायचं. सावळेश्वरच्या आजूबाजूच्या गावातली माणसं रोज कामाला सोलापुरात येतात, त्यांनी हा जरूर विचारावा.

चुकीचे पैसे कापले तर

गाडी दारात उभी आणि टोल कापल्याचा मेसेज, किंवा एकाच नाक्याचे दोनदा कापलेले, असं होतं. मेसेज पुसू नका. त्यात नाक्याचं नाव, वेळ, रक्कम असते, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये डिस्प्यूट किंवा कंप्लेंटमध्ये टाका, तक्रार नंबर लिहून ठेवा. सोबत १०३३ ला फोन करा, ही नॅशनल हायवेची हेल्पलाइन आहे, टोल असो की अपघात, दिवसरात्र चालू. गाडी त्या वेळी दुसरीकडे होती हे दाखवणारं काही असेल, पेट्रोलची पावती, सोसायटीच्या गेटचा कॅमेरा, तर जोडा. नाक्यावर कॅमेरा असतो, लेनमधून गेलेल्या गाडीचा फोटो त्यांच्याकडे निघतो, तेव्हा खरं असेल तर पैसे परत येतात. माझे एकदा आले, वेळ लागला पण आले.

नेटवर शोधून मिळालेल्या कस्टमर केअर नंबरवर मात्र कधीही फोन करू नका, बँकेचा नंबर बँकेच्या ॲपमधूनच किंवा पासबुकावरूनच घ्या. आमच्या भिशीतल्या एका काकूंना अशाच नंबरवरून टॅग चालू करून देतो म्हणत स्क्रीन शेअर करायला लावलं होतं, मुलगा वेळेवर घरी आला म्हणून वाचल्या. वार्षिक पास स्वस्तात देतो म्हणणाऱ्या लिंक पण तसल्याच. आणि तो घड्याळवाला व्हिडिओ, काच पुसणारं पोरगं मनगट टॅगजवळ नेतं आणि पैसे जातात म्हणून, तो २०२२ पासून फिरतोय आणि खोटा आहे, टॅगमधले पैसे फक्त नोंदवलेल्या टोल नाक्याला किंवा पार्किंगसारख्या नोंदवलेल्या ठिकाणालाच जाऊ शकतात, माणसाला नाही. सिग्नलला काच पुसायला आलेल्या पोराला त्यावरून मारू नका.

काच फुटली तर टॅग पण गेला असं धरा. त्याच बँकेला कळवून बदली टॅग मागा, बॅलन्स खात्यात असतो, तो कुठे जात नाही. गाडी विकताना व्यवहार ठरला की आधी बँकेत टॅग बंद करायची विनंती टाका, उरलेला बॅलन्स आणि डिपॉझिट खात्यात परत येतं, बंद झाल्याचा मेसेज आल्यावर काचेवरचा टॅग ब्लेडने स्वतःच्या हाताने खरवडून काढा आणि मगच चावी द्या.